रुपये चारशे सतरा फक्त

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून नागपूरला आपण होऊन जाणारी माणसं दोनच प्रकारची असतात. एक, ज्यांच्या घरचं कार्य आहे. आणि दुसरी, ज्यांच्या व्हाउचरची मुदत ३१ मेला संपते आहे. आमचे दाजी दुसऱ्या प्रकारात मोडतात.

नागपुरात त्यांचं कोणी नाही. संत्र्यांचे दिवस नव्हते. पारा पंचेचाळिसाला टेकलेला. दाजी उतरले, दीक्षाभूमीवर जाऊन आले, सीताबर्डीतल्या एका लॉजमध्ये कूलरसमोर दीड दिवस पडून राहिले, रिक्षावाल्याच्या आग्रहाखातर एकदा सावजी जेवले आणि डोळे पुसत परत आले. मी विचारलं, "कसं झालं नागपूर?"

"बसलं," दाजी म्हणाले.

"काय बसलं?"

"दहा हजारांत बसलं. जाऊन-येऊन नऊ हजार पाचशे त्र्याऐंशी."

उन्हाने त्यांच्या नाकाचं साल निघालं होतं. पण चेहऱ्यावर काशीयात्रा करून आलेल्या माणसाचं तेज होतं.

दाजी नात्याने माझे साडू, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. ही त्यांना दाजी म्हणते म्हणून मी म्हणू लागलो, मग आमची मुलं, मग सोसायटी, मग इस्त्रीवाला. त्यांचं मूळ नाव आता फक्त विमानाच्या तिकिटावर सापडतं, तेही आडनाव पुढे आणि नाव मागे अशा उलट्या पोशाखात.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कोषागारात काढली. कोषागारात व्हाउचरला प्रमाणक म्हणतात. दाजींनी आयुष्यभर दुसऱ्यांची प्रमाणकं तपासली, दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्याच्या देयकांवर लाल शाईने आक्षेप घेतले आणि स्वतः मात्र सहसा महाबळेश्वरच्या पलीकडे गेले नाहीत. त्या नोकरीने त्यांना निवृत्तिवेतन दिलं, मानेचा पट्टा दिला आणि एक शब्द दिला: व्यपगत. ज्यांचा सरकारी कचेरीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. वर्षभरासाठी मंजूर झालेला पैसा ३१ मार्चच्या रात्रीपर्यंत खर्ची पडला नाही, तर तो परत जातो, म्हणजेच व्यपगत होतो. म्हणून त्या रात्री कोषागारात दिवाळी असते. बारा वाजेपर्यंत खिडकीशी गर्दी, टेबलावर देयकांचे ढीग, कपाळावर घाम. दाजी अशा चौतीस रात्री जागले. पैसा वाईट मार्गाने गेलेला माणूस एक वेळ सहन करतो. पैसा मुदतीत न गेलेला दाजींना सहन होत नाही.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या हाती विमान कंपन्यांची व्हाउचरं पडली. पुढचं सगळं ओघाने आलं.

दाजींची वही पाहण्यासारखी आहे. लाल कापडी पाठीची, जाड पुठ्ठ्याची, आडव्या आकाराची. आत पट्टीने आखलेले रकाने: अनुक्रमांक, प्रमाणक क्रमांक, रक्कम, मुदत, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात "पूर्ण वापरले", "अंशतः वापरले" आणि "पत्रव्यवहार चालू" एवढेच तीन शेरे आलटून पालटून येतात. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने नुसतं "परवा आमचं विमान चार तास लेट झालं" म्हटलं, तरी दाजी जिलबी खाली ठेवतात. "मग काय दिलं? तुमचं उड्डाण अडीच तासांच्या आतलं असेल, तर दोन तास उशिराला खाणंपिणं द्यावं लागतं. मागितलंत का?" शेजाऱ्याने मागितलेलं नसतं. दाजी त्याच्याकडे, मुलगा दहावीला नापास झालेल्या बापाकडे बघावं तसं बघतात.

व्हाउचरच्या अंगी तीन खोडी असतात असं त्यांचं शास्त्र आहे. पहिली मुदतीची. मुदत तिकीट काढायची की उडायची? काही ठिकाणी त्या तारखेच्या आत तिकीट काढलं की झालं, प्रवास पुढे कधीही. काही ठिकाणी त्या तारखेच्या आत पाय जमिनीवरून उचललेला लागतो. "नव्वद टक्के लोक इथंच मरतात," दाजी सांगतात. दुसरी खोड भाड्याची. व्हाउचर पुष्कळदा मूळ भाड्यालाच लागतं. कर, विमानतळाचं शुल्क वगैरे आपण वेगळं मोजायचं. आणि शेवटी सुविधा शुल्क. "सुविधा कोणाची, ते विचारू नका," असं म्हणून दाजी चष्मा पुसतात. तिसरी खोड नावाची. ज्याच्या नावे व्हाउचर, त्याच्याच तिकिटाला ते चालतं. ही तिसरी खोड सगळ्यांत साधी दिसते. पण तिने एका संसारात काय केलं, ते पुढे येईलच.

एकदा मी म्हटलं, "दाजी, विमान कंपनीने रद्द केलं तर रोख परत मागता येते ना?"

"येते तर! नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमच आहे. पैसे कंपनीकडेच ठेवून क्रेडिट शेल घ्यायचं की नाही ही प्रवाशाची मर्जी, कंपनीची सक्ती नाही."

"मग तुम्ही रोख का घेत नाही?"

दाजी गप्प झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "रोख खर्च होते हो. व्हाउचर राहतं."

आता राहतं म्हणावं, तर त्यांना सतत त्याच्या मरणाची धास्ती. "विमान कंपनी म्हणजे मेथीची जुडी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "किंगफिशर २०१२ मध्ये बसली. जेट १७ एप्रिल २०१९ला शेवटचं उडालं. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. आज आणली, आज निवडली, आज फोडणीला टाकली पाहिजे." आणि असं म्हणून ते मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात, कारण भाडं अजून उतरेल अशी त्यांना आशा असते. रेल्वेने जावं तर तिथे मुदतीचा तगादा नाही. म्हणून ते रेल्वेने जातच नाहीत.

त्यांचं आराध्यदैवत कॅलिफोर्नियात आहे. न्यू जर्सीच्या भाच्याने त्यांना एकदा फोनवर डेव्हिड फिलिप्स नावाच्या इंजिनियरची गोष्ट सांगितली. १९९९ साली एका खाद्यपदार्थाच्या कंपनीने पाकिटावरच्या पट्ट्यांच्या बदल्यात विमानाचे मैल देऊ केले. या गृहस्थाने बारीक अक्षरं वाचली, हिशोब केला आणि पुडिंगच्या १२ हजारांवर वाट्या विकत घेतल्या. पट्ट्या सोलायचं काम धर्मादाय संस्थेच्या लोकांवर सोपवलं, पुडिंग त्यांनाच दान दिलं आणि साडेबारा लाख मैल खिशात घातले. खर्च तीन हजार डॉलरच्या आसपास. त्या दिवसापासून दाजी चितळ्यांच्या दुकानात श्रीखंडाचा डबा उलटा करून बघतात. अजून तरी काही सापडलेलं नाही. "पण बघायला काय जातं?" असं ते म्हणतात. मागे रांग उभी असते, तिचं जातं.

व्हाउचर लावायला फोन करायचा म्हणजे दाजींच्या घरी सत्यनारायणासारखी तयारी असते. चौरंगाच्या जागी स्टूल, स्टुलावर वही, पेन, पाण्याचा तांब्या, भाजके शेंगदाणे. पंखा बंद, कारण आवाज येतो. कुकर बंद, कारण शिट्टी होते. ताईंनी पदर खोचून गप्प बसायचं. पलीकडून संगीत वाजत राहतं आणि पाऊण तासाने एक मुलगी येते. मग क्रमांक सांगण्याचा सोहळा.

"बी. बी फॉर बारामती. मग एस, एस फॉर सातारा. मग पी... नाही नाही, परभणीचा पी. मग झेड, झेड फॉर झेडपी. मग शून्य. ओ नाही बेटा, शून्य. ओ फॉर ओतूर नाही. मग क्यू."

"सर, क्यू फॉर?"

दाजी क्षणभर थबकले आणि म्हणाले, "क्यू फॉर रांग."

पलीकडची मुलगी हसली, कारण ती अकोल्याची निघाली. मग व्हाउचर बाजूला राहिलं. तिचे वडील काय करतात, भाड्याने राहते की मैत्रिणींबरोबर, रात्रपाळीला घरी जायला गाडी आहे का, हे सगळं विचारून झालं. शेवटी ती म्हणाली, "दाजी, तुमचं व्हाउचर लागलंय. पण चारशे रुपये सुविधा शुल्क भरावं लागेल." दाजींनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक शब्द न बोलता ते भरलं. "पोरगी गुणी आहे," असं म्हणाले. कंपनीबद्दलचं त्यांचं मत मात्र बदललं नाही.

दाजींच्या आयुष्यातला सुवर्णकाळ कोणता असं विचाराल, तर जगाचा जो सर्वांत वाईट होता तोच. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी एप्रिलची दिल्लीची तिकिटं काढली होती. वैष्णोदेवीचा बेत होता. २५ मार्चपासून देशातली विमानं जमिनीवर आली ती दोन महिने उठली नाहीत. पैसे गेले कंपनीच्या क्रेडिट शेलमध्ये. "शेल म्हणजे शिंपला," दाजी ताईंना समजावत. "आत मोती आहे. फक्त उघडत नाही."

मग १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि दाजींनी तो छापून घेतला, खाकी कव्हर घातलं आणि पोथीसारखा वाचला. शेल कोणत्याही मार्गावर वापरता येईल. दुसऱ्याच्या नावे करता येईल. आणि वापरलं नाही तोवर रक्कम वाढत जाईल: जूनअखेरपर्यंत दरमहा अर्धा टक्का, पुढे दरमहा पाऊण टक्का. "पाऊण म्हणजे वर्षाचे नऊ!" मुखपट्टीआडूनही त्यांचा आनंद ऐकू येत होता. "आहे का एवढं व्याज कुठल्या बँकेत? मुदत ठेव मोडून तिकिटं काढून ठेवायला हवी होती." आणि या सगळ्याची शेवटची तारीख कोणती? ३१ मार्च २०२१. दाजींचे डोळे भरून आले. आपण टाकून आलेलं जग आपल्याला विसरलेलं नाही, असं त्यांना वाटलं असावं. त्या रात्री जुन्या सवयीने ते जागे राहिले आणि बाराला वीस मिनिटं कमी असताना, व्याजाचा शेवटचा पैसा पदरात पडल्याची खात्री करून, त्यांनी तिकिटं काढली.

वैष्णोदेवीची नव्हे. वैष्णोदेवीला रक्कम दोन हजारांनी जास्त होत होती. भुवनेश्वर बरोब्बर बसत होतं.

हसू येतं, पण सोसायटीतल्या किती जणांचे पैसे त्यांनी सोडवले याचा हिशोब त्या वहीतच आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं विमान वाहतूक कोंडीमुळे चुकलं. तिकीट परत न मिळणाऱ्या जातीचं. त्या बिचाऱ्या सोडून देणार होत्या. दाजींनी सांगितलं, "भाडं बुडालं, कबूल. पण कर आणि विमानतळाचं शुल्क तुम्ही उडालाच नाहीत तर कसलं? ते परत द्यावं लागतं, तिकीट कसल्याही जातीचं असो." आणि लगेच पत्र: "महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती की..." तीन पत्रं, दोन स्मरणपत्रं. अकराशे बत्तीस रुपये आले. बाईंनी पेढे दिले. दाजींनी पेढ्यांचा डबा उलटा करून बघितला.

आता ती तिसरी खोड.

नावाच्या अटीपायी दाजी आणि ताई यांची तिकिटं गेली कित्येक वर्षं वेगवेगळी निघतात. दाजींचं व्हाउचरवर, ताईंचं रोखीने. दोन आरक्षणं म्हणजे दोन पीएनआर, आणि दोन पीएनआर म्हणजे दोन टोकांना दोन जागा. पैसे भरून शेजारची जागा निवडता येते, पण दाजींचा त्याला तात्त्विक विरोध. "बसायचे वेगळे पैसे? तिकीट काय उभं राहायला काढतो?" म्हणून यंत्र देईल ती जागा, आणि यंत्र फुकट बसणाऱ्याला मधलीच देतं. चाळीस वर्षांच्या संसारात ताई दाजींच्या शेजारी बसून एसटीने पंढरपूरला गेल्या, रेल्वेने हुबळीला गेल्या; विमानात मात्र दोघांच्या मध्ये कायम वीस रांगा.

आणि यातूनच दिल्लीचं ते प्रकरण घडलं. भाच्याचं लग्न उरकून दोघं पुण्याला परतत होते. ताईंची जागा सत्ताविसाव्या रांगेत, त्यामुळे त्या आधी आत गेल्या. दाजी आठव्या रांगेचे, ते दाराशी थांबलेले. एवढ्यात घोषणा झाली: विमानात जागा कमी आहेत, कोणी आपण होऊन मागे राहायला तयार असेल तर सकाळचं विमान, रात्रीचं हॉटेल आणि दहा हजारांचं व्हाउचर. वाक्य पुरं व्हायच्या आत दाजींचा हात वर होता. कोषागारात इतक्या तत्परतेने त्यांनी एकही देयक मंजूर केलं नव्हतं.

ताईंना निरोप पाठवला. ताईंचा फोन बंद, कारण हवाई सुंदरीने बंद करायला सांगितला होता आणि ताई सांगितलेलं ऐकतात. विमान इंदूरच्या आसपास असताना त्या दाजींची रक्तदाबाची गोळी घेऊन सत्ताविसाव्या रांगेतून आठव्या रांगेपर्यंत आल्या. तिथे एक दाढीवाला तरुण घोरत होता. ताईंनी गोळी मुठीत धरून त्याच्याकडे बघितलं, पुढच्या रांगेत बघितलं, मागच्या रांगेत बघितलं. शेजारचा म्हणाला, "आंटी, वो अंकल तो चढ़े ही नहीं."

घराची किल्ली दाजींच्या खिशात. रात्री एक वाजता ताई आमच्या दारात उभ्या. काही बोलल्या नाहीत. ताई बोलत नाहीत तेव्हा आमच्याकडे भांडीसुद्धा हळू वाजतात. हिने ताकभात कालवून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी आले, अटकेपार झेंडा लावल्यासारखे. व्हाउचर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. सगळ्यांना दाखवून झाल्यावर ताईंनी विचारलं, "आणि मला किती मिळाले?"

"तुला कशाचे?"

"मीसुद्धा एकटीच आले की."

दाजींनी फोल्डर बंद केलं. त्यांच्या वहीत या आक्षेपाला रकाना नव्हता.

त्याच दहा हजारांचं पुढच्या मे महिन्यात नागपूर झालं. नऊ हजार पाचशे त्र्याऐंशी गेले आणि उरले चारशे सतरा. काही कंपन्या अशी शिल्लक सरळ गिळतात. या कंपनीने उरलेल्या रकमेचं नवं व्हाउचर दिलं, मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत, आणि दाजींच्या झोपेचं खोबरं झालं. चारशे सतरा रुपये वाचवायला किती खर्च करावा, हा प्रश्न त्यांनी जूनपासून लावून धरला. हैदराबाद काढलं तर वरून साडेचार हजार. गोवा काढलं तर तीन हजार आठशे. पण पावसाळ्यात गोव्याला जाऊन करायचं काय? "छत्री घेऊन समुद्र बघायचा," मी म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

त्यांना हसायचा मला तसा अधिकार नाही. परवाच मी ऐंशी रुपयांचं घरपोच शुल्क वाचवायला दीडशे रुपयांची कसुरी मेथी मागवली. मागच्या वेळची दोन पाकिटं डब्यात असताना. कपाटात एका सराफाचं पाचशे रुपये सवलतीचं कार्ड आहे. ते वापरायला मी हिच्यासाठी पन्नास हजारांचं काहीतरी घ्यावं असं तिचं म्हणणं आहे. दाजी निदान वही ठेवतात.

ताईंनी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. सेल्युलर जेलचा धडा आला, की त्या खडूने फळ्यावर मधला मनोरा आणि त्यातून फुटणारे सात फाटे काढत. सातांपैकी आता तीनच उरलेत, हेही सांगत. ते तीन आपण डोळ्यांनी पाहावेत, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी दाजींना निवृत्तीच्या दिवशी सांगितली होती. पण अंदमानचं कधी बसलं नाही. व्हाउचर असे तेव्हा भाडं चढलेलं. भाडं उतरे तेव्हा पावसाळा. मग भुवनेश्वर बसे, इंदूर बसे, नागपूर बसे. ताई एकदा हिच्याजवळ म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे कुठे जायचं ते मी ठरवत नाही, हे ठरवत नाहीत. ते शिल्लक ठरवते."

त्या डिसेंबरात एका संध्याकाळी दाजी आमच्याकडे आले. अंदमानची तिकिटं काढायची होती, फेब्रुवारीची. मोठी रक्कम असली, की त्यांना साक्षीदार लागतो. ताई आणि ही खाली बसून मटार सोलत होत्या. दाजींनी नावं भरली, जन्मतारखा भरल्या आणि "व्हाउचर असल्यास क्रमांक लिहा" या चौकटीपाशी आले. वही उघडली. बारामती, सातारा, परभणी. चारशे सतरा. कळ दाबली.

पडद्यावर लाल अक्षरं आली: हे व्हाउचर एकाच प्रवाशाच्या आरक्षणाला लागू आहे.

"हरकत नाही," दाजी म्हणाले. "दोन वेगळी काढू. माझं एक, हिचं एक."

ताईंनी मान वर केली नाही. एक शेंग फोडली, दाणे परातीत पाडले आणि विचारलं, "मग माझी जागा कितवी?"

बस, एवढंच. परातीत दाणे पडण्याचा आवाज तेवढा येत राहिला. दाजी पडद्याकडे बघत बसले. मला वाटलं, हिशोब चाललाय. तो चाललाही असेल. कसला, ते मला माहीत नाही. मग त्यांनी एका बोटाने त्या चौकटीतली अक्षरं मागून पुढे एकेक करून पुसली. परभणी गेलं, सातारा गेलं, बारामती गेलं. चौकट कोरी झाली. दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर, पूर्ण रोखीने. पुढचं पान जागा निवडायचं होतं. दाजींनी घसा साफ केला आणि म्हणाले, "बघू, बसायचे किती घेतात ते." खिडकीची आणि तिच्या शेजारची, दोन्हींचे पैसे भरले. माझ्या माहितीत दाजींनी बसायचे पैसे पहिल्यांदा भरले. उठताना मात्र मला म्हणाले, "साडूभाऊ, पहिल्या चोवीस तासांत नावाची स्पेलिंग चुकली असेल तर फुकट दुरुस्त करतात. एकदा बघून घ्या."

फेब्रुवारीत ते जाऊन आले. दाजींना विचारलं तर त्यांनी तिथल्या शहाळ्याचे दर सांगितले. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "चेन्नईहून पुढे खाली नुसता समुद्र. हे माझ्या खांद्यावर झोपले, मला उठवेना. सगळा प्रवास तशीच बघत बसले."

३१ मार्चच्या रात्री साडेअकराला फोन आला. दाजी दरवर्षी त्या रात्री जागतात, हे आम्हाला ठाऊक होतं; पण बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं. आम्ही गेलो. ताईंनी आल्याचा चहा टाकला होता. वही स्टुलावर उघडी होती. बाराचे ठोके पडेपर्यंत दाजी घड्याळाकडे बघत होते, मग त्यांनी लाल शाईचं पेन काढलं. त्या वहीत इतक्या वर्षांत हा शब्द एकदाही आलेला नव्हता. त्यांनी तो सावकाश, मोडी वळणाच्या अक्षरात लिहिला, आणि मी वाकून ती नोंद वाचली.

"रुपये चारशे सतरा फक्त. व्यपगत." आणि शेऱ्याच्या रकान्यात: "कारण: आसन क्र. १४-ए व १४-बी."

खाली दाजींची सही होती. आणि उद्या लेखापरीक्षणात कोणी आक्षेप घेऊ नये म्हणून, शेजारी ताईंची प्रतिस्वाक्षरी.